फांदीवरचा नारिंगी रंग

१२ एप्रिल, शनिवार

घराच्या उत्तरेकडचं शेवटचं बर्फ आज वितळलं. पन्हाळी साफ केल्या. दुपारी भांडी परत करायला निघालो.

माझी बायको लेनोर हिला जाऊन दोन महिने झाले. अंत्यविधीनंतर गल्लीतल्या लोकांनी ओव्हनमध्ये भाजलेले पदार्थ आणून दिले होते. नूडल्स, बटाटे, चिकन, पुन्हा नूडल्स. आमच्याकडे प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टी लावून वर नाव लिहिलेलं असतं, म्हणजे परत देताना घोटाळा होत नाही. सगळी देऊन झाली, एक उरलं. चौकोनी, काचेचं, कडेला निळी रेघ. त्याला पट्टीच नाही. गल्लीत घरोघर विचारलं. कुणाचंच नाही. शेजारच्या व्हर्ना कुबिआकने ते हातात घेतलं, उलटं केलं, सरळ केलं आणि म्हणाली, "राहू दे तुमच्याकडे. ज्याचं असेल तो येईल."

येताना मागच्या शेतात खुंट्या दिसल्या, गुलाबी फिती बांधलेल्या. शेत विकलं गेलं हे ठाऊक होतं. घरी टपालात गावाची नोटीस होती. तिथे घरं होणार. नकाशातला रस्ता तिथल्या लाल ओकच्या झाडावरून जातो.

हा ओक आमच्या कुंपणाला लागून आहे, पण पलीकडे. लेनोर त्याला 'आपला ओक' म्हणायची. मी दरवेळी तिची चूक दुरुस्त करायचो.

रोज काहीतरी लिहा, असं हॉस्पिटलमधल्या समुपदेशक बाईंनी सांगितलं आहे. रोज लिहिण्यासारखं काही नसतं.

२२ एप्रिल, मंगळवार

संध्याकाळी गावाच्या सभागृहात बैठक. बोलायला प्रत्येकी तीन मिनिटं. मी म्हणालो, झाड जुनं आहे आणि रस्ता थोडा वळवता येईल. एवढं बोलून बसलो. बऱ्याच लोकांना मी उभा राहिलेला दिसलोही नसेन. असल्या ठिकाणी लेनोर बोलायची आणि मी तिचा कोट धरून बसायचो.

व्हर्ना मात्र छान बोलली. "त्या ओकखाली मी माझ्या नवऱ्याला हो म्हटलं आणि वीस वर्षांनी तिथूनच त्याला हाकलला. त्या झाडाने दोन्ही वेळा तोंड बंद ठेवलं. या गावात असं दुसरं कोण आहे दाखवा." अध्यक्षसुद्धा हसले.

ठराव आमच्या बाजूने झाला. रस्ता वळवायचा. शेताच्या कडेचे सहाही ओक कुंपण घालून राखायचे. आणि बिल्डरच्या कामामुळे त्यातला एक जरी मेला, तरी त्या बाजूची चार घरं रद्द, ती जागा मोकळी राहील. बिल्डरचा मुकादम मागे भिंतीला टेकून उभा होता. रूडी माचेक. चाळिशीचा, मोठ्या हातांचा. तो सगळं लिहून घेत होता.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी येऊन टोस्ट खाल्ला.

६ मे, मंगळवार

आज ओकभोवती नारिंगी जाळीचं कुंपण घातलं. खोडाला अगदी चिकटून. मी घरातून पाहत होतो. मग कोट घालून गेलो आणि म्हणालो, फांद्या जिथे संपतात तिथपर्यंत पाहिजे, मुळं तिथवर असतात. हे लेनोरचं वाक्य. इतकी वर्षं ऐकून एवढं तरी लक्षात राहिलं.

रूडीने वर पाहिलं, मग खाली पाहिलं. "डॉक्टर, एवढी जागा मी माझ्या सासूलाही देत नाही."

मी डॉक्टर नाही, चौकात माझं औषधांचं दुकान होतं, असं सांगितलं.

"माझ्या आईला तुमच्याच गोळ्यांनी बरं वाटायचं. म्हणजे डॉक्टरच." त्याने माणसांना हाक मारली आणि जाळी बाहेर सरकवून घेतली. दुपारी गावाच्या वृक्ष अधिकारी माई वांग येऊन पाहून गेल्या. जाळी बरोबर आहे म्हणाल्या. रूडीला काही कागद दिले, त्याने ते गाडीत समोरच्या काचेपाशी ठेवले.

३० मे, शुक्रवार

व्हर्ना रेवाचिनीच्या आंबट देठांची गोड पाई भाजून घेऊन आली. क्लबात दर शुक्रवारी तळलेल्या माशांचं जेवण असतं, येता का, म्हणाली. मी म्हटलं, फारशी भूक नाही.

"मासे भुकेसाठी खात नाही कुणी तिथे," ती म्हणाली. मला त्याचा अर्थ कळला नाही. तिने नवा निळा स्वेटर घातला होता. बाहेर तसा उकाडा होता.

जाताना ओट्यावरचं निळ्या रेघेचं भांडं पाहून म्हणाली, "अजून कुणी आलं नाही वाटतं."

पाई चांगली झाली होती. अर्धी उभ्यानेच खाल्ली.

१४ जून, शनिवार

काल दुपारी पाइपांचा ट्रक वळताना ओकची एक फांदी अडकून टोकाशी तुटली. जाळीच्या बाहेर आलेली होती ती. आवाज घरात ऐकू आला. मी पोचलो तेव्हा रूडी ट्रकच्या टपावर उभा राहून तुटलेल्या जागेवर रंगाचा फवारा मारत होता. जमिनीवर खुणा करायला वापरतात तो नारिंगी रंग.

मी म्हटलं, हे काय करता?

"रंग मारलाय डॉक्टर, घाबरू नका. सोमवारी वांगबाईंना कळवतो. आणि या ड्रायव्हरला आता सायकलसुद्धा देणार नाही मी."

रात्रभर ती फांदी डोळ्यांपुढे होती. टोकाला चिरफळ्या आणि त्यावर तो भडक रंग, जखमेवर कुणी पोस्टर चिकटवावं तसा. केलेली नासधूस झाकायची ही तऱ्हा. आमच्या धंद्यात असं कुणी केलं असतं तर मी बोललो असतो.

आज माणसं नव्हती. लेनोरची करवत आणि शिडी घेऊन गेलो, जाळी उचलून आत शिरलो. फांदी खोडाजवळून कापली, तिथे जी फुगीर कडा असते ती सोडून, लेनोर करायची तशीच. वेळ लागला. हात भरून आले. पण काप गुळगुळीत आला, ताटलीएवढा, फिकट गुलाबी.

वर काही लावलं नाही. मागे एकदा सफरचंदाची फांदी कापल्यावर मी दुकानातून झाडाच्या जखमांना लावायचं काळं डांबर आणलं होतं. लेनोर हसली होती. "अर्विड, झाडाला मलम लावू नकोस. त्याचं ते बंद करतं." ते डांबर अजून तळघरात आहे, न उघडलेलं.

फेब्रुवारीनंतर आज पहिल्यांदा काही नीट करता आलं असं वाटलं.

१५ जून, रविवार

चर्चनंतर ओक पाहायला गेलो. कापलेल्या जागी रस सुटला आहे, वास गोडसर. त्यावर बारीक काळपट किडे जमले होते. झाड जिवंत असल्याची खूण.

१६ जून, सोमवार

सकाळी रूडी ओकखाली वर बघत उभा होता. "फांदी कुणी साफ केली?"

"मी केली. नीट झाली ना?"

त्याने एकदा कापाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाला, "नीट झाली, डॉक्टर."

थोड्या वेळाने खिडकीतून पाहतो तर रूडीच्या गड्याने शिडी लावून माझ्या कापावरही नारिंगी रंग फासलेला. मला फार राग आला. पण भांडणं मला जमत नाहीत. पडदा ओढून घेतला.

२० जुलै, रविवार

ओकची पानं गळताहेत. जुलैत. शेंड्याकडून सुरुवात झाली आहे. पान टोकाकडून तपकिरी, देठाकडे हिरवं. असली पानं मुठीत घेऊन बघितली. वाळलेली नाहीत, मऊ आहेत.

पाणी कमी पडलं असेल. बागेची नळी कुंपणावरून टाकली आणि जेवणापर्यंत सोडून ठेवली.

व्हर्ना मागच्या अंगणातून ओरडली, "पाणी घालून काय उपयोग? त्यांनी मुळांत काहीतरी ओतलंय. मी सांगते तुम्हाला. त्या चार घरांसमोर सावली नकोय त्यांना. मग आपोआप मेलं म्हणतील."

५ ऑगस्ट, मंगळवार

माई वांग आल्या. गल्लीतली बरीच माणसं जमली होती, रूडीही होता. त्यांनी एक फांदी पाडून तिची साल सोलली आणि आतले काळपट पट्टे दाखवले. तुकडे पिशवीत घातले, तपासणीला पाठवणार आहेत, पण त्यांना शंका नव्हती.

ओकचा मर रोग. लाल ओक यातून वाचत नाही. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ओकला ताजी जखम झाली की रसाच्या वासाने बारीक भुंगे येतात आणि बुरशी घेऊन येतात. म्हणून एप्रिल ते जुलै ओकला करवत लावायची नाही. मोडलाच, तर तासाभराच्या आत रंग फासायचा. घरातला कुठलाही चालतो.

"पण झाडाला रंग लावू नये म्हणतात ना?" मी विचारलं.

"बाकीच्या झाडांना लावू नये, मिस्टर थोर्सगार्ड. ओक तेवढा सोडून." त्यांनी वर बोट दाखवलं. "ट्रकने मोडलेलं टोक यांनी लगेच रंगवलं होतं असं कळवलं होतं मला. पण ते टोक आता नाहीच. कुणीतरी नंतर फांदीच खोडापाशी कापलीय. आणि रंग मारायला उशीर झाला."

सगळे रूडीकडे वळले. व्हर्ना म्हणाली, "बघा! पुरावा कापून टाकला आणि वर रंगरंगोटी!"

रूडी म्हणाला, "जाळीच्या आत जे होतं त्याची जबाबदारी आमची." एवढंच. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

सगळे गेले तरी मी तिथेच होतो.

ओक तेवढा सोडून. लेनोर त्या दिवशी पुढे काही म्हणाली होती का? मी पेपर वाचत होतो. म्हणाली असेल. तीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, पूर्ण सूचना वाचा, अर्धी वाचून औषध घेऊ नका.

८ ऑगस्ट, शुक्रवार

पुढच्या मंगळवारी निर्णय आहे. चार घरं रद्द होणार असं सगळे धरून चालले आहेत. रूडीला कामावरून काढणार असंही ऐकलं. टपालपेटीपाशी लोक माझ्या पाठीवर थाप मारून जातात. झाड गेलं पण जागा राहिली, म्हणतात.

व्हर्नाला बोलावून खरं ते सांगितलं. ती स्वयंपाकघरात लेनोरच्या खुर्चीवर बसली, मग उठून दुसऱ्या खुर्चीवर बसली.

"फांदी ट्रकने मोडली," ती म्हणाली.

"टोक मोडलं. ते त्याने रंगवलं होतं. मी तो रंगवलेला भाग कापून टाकला आणि नवा घाव उघडा ठेवला."

"ट्रक आला नसता तर तुम्ही करवत घेतली असती का? नाही ना? मग झालं तर. तुम्हाला कुणी विचारलंय?"

"नाही."

"मग गप्प बसा. त्यात तुम्ही पटाईत आहात." हे बोलून तिलाच वाईट वाटलं असावं. थोड्या वेळाने हळू म्हणाली, "अर्विड, त्या चार घरांची जागा मोकळी राहिली तर उरलेल्या पाच ओकांना कुणी हात लावणार नाही. एक माझ्या खिडकीसमोर आहे. लेनोरलाही हेच हवं होतं."

लेनोरला काय हवं होतं ते मला सगळेच सांगतात.

१२ ऑगस्ट, मंगळवार

बैठकीला गेलो. मागच्या रांगेत बसलो. माझ्या शेजारच्या खुर्चीवर कुणी कोट ठेवला होता, तो तसाच राहिला.

व्हर्ना बोलली नाही. तीन-चार जण बोलले, सगळे बिल्डरच्या विरोधात. मग मी हात वर केला. माझं नाव सांगितलं, पत्ता सांगितला. म्हणालो, चौदा जूनला मी परवानगीशिवाय जाळीच्या आत गेलो. मुकादमाने रंगवलेली फांदी मी खोडाजवळून कापली. घावावर मी काही लावलं नाही. सोमवारी त्यांनी लावलं, तेव्हा उशीर झाला होता. झाड माझ्यामुळे मेलं. तीन मिनिटांतला अजून वेळ शिल्लक होता, पण सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं. कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. अध्यक्ष म्हणाले, "धन्यवाद, अर्विड," जणू मी उठून उघडं दार लावून घेतलं होतं. चार घरांची परवानगी कायम झाली.

बाहेर लोक दोघं-तिघं मिळून उभे होते. मी जवळ आलो की ते गाडीच्या किल्ल्या शोधू लागले. व्हर्ना तिच्या गाडीत बसून समोर बघत होती. मी काचेपाशी थांबलो. तिने काच खाली घेतली नाही.

रूडी मागून आला. मी विचारलं, "तुम्ही का नाही सांगितलं? तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"तुम्ही विचारलंत, नीट झाली ना." तो टोपी काढून डोकं खाजवू लागला. "काय सांगणार होतो मी? आणि त्यांना सांगितलं असतं तर म्हातारबुवांवर ढकलतो म्हणाले असते. घरी जा डॉक्टर. काहीतरी खा."

३ सप्टेंबर, बुधवार

ओकांची मुळं जमिनीखाली एकमेकांत जुळलेली असतात, त्यातून रोग पुढच्या झाडात जातो. म्हणून आज मशीन लावून मेलेल्या ओकच्या आणि बाकी पाचांच्या मध्ये खोल चर मारला. यंत्राचं पातं मुळातून जाताना आवाज बदलतो. सकाळभर तो बदलत होता. व्हर्नाच्या खिडकीसमोरचं झाड सगळ्यात जवळ आहे. ते वाचेल की नाही, दोन वर्षांनी कळेल असं माई वांग म्हणाल्या.

चर माझ्या कुंपणाच्या आतूनही न्यावा लागला. लेनोरच्या पिओनीच्या फुलांच्या वाफ्यातून. हरकत नाही म्हणून सही केली.

व्हर्ना तिच्या अंगणात होती. मी हात वर केला. ती आत गेली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

ओक पाडला. मी किराणा दुकानात गेलो होतो, मुद्दाम. परत आलो तर स्वयंपाकघरात फार उजेड होता.

२२ नोव्हेंबर, शनिवार

हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सकाळपासून लांबून बार ऐकू येत होते. गल्लीत पुरुष माणूस मी एकटाच असेन.

दुपारी व्हर्ना आली. ऑगस्टनंतर पहिल्यांदा. हातात काही नव्हतं. दारातच म्हणाली, "मी अजून रागावलेली आहे."

"बरं."

"बरं काय? आत या म्हणा."

कॉफी केली. खिडकीबाहेर आता पहिल्या घराचा सांगाडा दिसतो. ती त्याकडे पाठ करून बसली. मग तिची नजर ओट्यावरच्या भांड्याकडे गेली. मी त्यात किल्ल्या आणि टपाल ठेवतो.

"त्याला तुम्ही किल्ल्यांची टोपली केलीत?"

"मालक सापडत नाही."

"अर्विड." ती कपाळाला हात लावून हसायला लागली, पण ते हसणं नीट नव्हतं. "ते लेनोरचंच आहे. जानेवारीत मी आजारी होते तेव्हा तिने त्यातून बटाटे पाठवले होते. रिकामं कसं परत करायचं, म्हणून अंत्यविधीनंतर मी भरून आणलं. नाव कशाला असेल त्यावर? स्वतःच्या घरातल्या भांड्यावर कुणी नाव लिहितं का?"

मी भांडं उचललं, किल्ल्या बाहेर काढल्या. निळी रेघ. चाळीस वर्षांत त्यातून किती वेळा जेवलो असेन.

"तुम्ही एप्रिलमध्येच का नाही सांगितलं?"

"तुम्ही ते घेऊन दारोदार फिरत होतात. मला वाटलं, तेवढ्या निमित्ताने घराबाहेर तरी पडताय." तिने कप उचलून सिंकमध्ये ठेवला. "शिवाय तुम्हाला ते ओळखू आलं नाही, हे मी कसं सांगणार होते?"

जाताना म्हणाली, शुक्रवारी मासे असतात अजून. मी म्हटलं, बघतो. तिने मान हलवली आणि बर्फातली स्वतःची वाट स्वतःच साफ करत गेली. फावडं माझ्या दाराशीच होतं. मी नंतर पाहिलं, तिने माझ्या पायऱ्याही साफ केल्या होत्या.

१० जानेवारी, शनिवार

कडक थंडी. वारा नाही. माई वांग यांना विचारून व्हर्नाच्या खिडकीसमोरच्या ओकची वाळकी फांदी काढली. त्या म्हणाल्या, आता काढायला हरकत नाही, भुंगे नसतात, पण कुणाला तरी शिडी धरायला सांगा. मी कुणाला सांगितलं नाही. व्हर्नाची गाडी अंगणात नव्हती.

लाकूड गोठलेलं होतं, भुसा बर्फावर पिठासारखा पडला. कापाला रस नाही, वास नाही. तरी थोडा वेळ शिडीवर थांबून बघत राहिलो. रंग लावायची गरज नव्हती. तरी रंगाचा डबा खिशात होता.

घरी येऊन करवतीचं पातं पुसलं, तेल लावलं, करवत खिळ्याला टांगली. बटाटे सोलले, चकत्या केल्या, वर कांदा आणि चीज. निळ्या रेघेचं भांडं एका माणसाला मोठं पडतं. त्यातच घातले. ओव्हन लावला आणि होईपर्यंत खुर्ची ओढून समोर बसलो.